मोबाइलवरचे चित्रण मामांच्या डीव्हीडी प्लेअरपर्यंत

आईच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम भावाने मोबाइलवर चित्रित केला आणि सगळे तुकडे जोडून एक तास पन्नास मिनिटांची, साडेतीन जीबीची एकच एमपीफोर फाईल करून माझ्याकडे दिली. ती मिरजेला मामांकडे पोहोचवायची होती. मामा ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांच्या टीव्हीला इंटरनेट नाही. पण त्यांच्याकडे पंधरा वर्षे जुना डीव्हीडी प्लेअर आहे आणि त्याचा रिमोट त्यांना डोळे मिटून चालवता येतो. मी कोरी डीव्हीडी आणली, लॅपटॉपला बाहेरून जोडायचा रायटर लावला, फाईल उचलून डिस्कवर टाकली आणि दहा मिनिटांत तयार झालेली डिस्क कुरियरने पाठवून दिली. दोन दिवसांनी मामांचा फोन आला : "ट्रे आत जातो, थोडा वेळ घरघर होते आणि पडद्यावर 'नो डिस्क' येतं. रिकामीच पाठवलीस का रे?"

डिस्क रिकामी नव्हती. लॅपटॉपवर ती उत्तम चालत होती. चूक माझी होती, आणि ती इतक्या घरांत होते की तिच्याच आधाराने हा सगळा विषय समजावून सांगणे सोपे जाईल.

'डीव्हीडी राईट करणे' या एकाच शब्दप्रयोगात आपण दोन वेगळी कामे कोंबतो. पहिले काम म्हणजे डिस्कवर फाईल जशीच्या तशी उतरवणे. त्यातून तयार होते ती डेटा डिस्क, म्हणजे निव्वळ गोल आकाराचा पेन ड्राइव्ह. दुसरे काम म्हणजे डीव्हीडी-व्हिडिओ तयार करणे. त्यात चित्र, ध्वनी, फोल्डरांची नावे आणि फाईलींचा क्रम या सर्वांचे नियम ठरलेले आहेत. हे नियम पाळणारे प्लेअर १९९६ मध्ये जपानमध्ये प्रथम विक्रीला आले, आणि साधा घरगुती प्लेअर आजही त्याच नियमांवर चालतो. त्याच्या आतली चिप एमपेग-२ या एका पद्धतीने बांधलेले चित्र उलगडण्यासाठी घडवलेली असते. मोबाइल मात्र एच.२६४ किंवा त्याहून नव्या एच.२६५ पद्धतीने चित्र बांधतो. संगणकात नवे सॉफ्टवेअर टाकता येते, म्हणून तो नव्या पद्धती शिकत जातो. प्लेअरच्या चिपला पुढचे शिकवता येत नाही, त्यामुळे ओळखीचे काही सापडले नाही की तो सरळ 'डिस्कच नाही' म्हणून मोकळा होतो.

फाईलच्या नावाचा शेवटचा भाग बदलून काम होईल, असे काहींना वाटते. तो भाग म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यावरची चिठ्ठी आहे. रव्याच्या डब्यावर 'साखर' असे लिहिल्याने चहा गोड होत नाही. एमपीफोर, एव्हीआय, एमकेव्ही ही सगळी डब्यांची नावे आहेत. आत चित्र कोणत्या पद्धतीने बांधले आहे, हा प्रश्न वेगळा, आणि प्लेअरचा संबंध त्या दुसऱ्या प्रश्नाशी येतो.

चित्र 'बांधणे' म्हणजे काय, हे कळले की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. चित्रण म्हणजे सेकंदाला पंचवीस किंवा तीस स्थिर चित्रे, म्हणजेच फ्रेम. प्रत्येक चित्र पूर्णपणे साठवायचे ठरवले तर डीव्हीडी तीन-चार मिनिटांत भरून जाईल. म्हणून एमपेग-२ मध्ये अधूनमधून एक चित्र पूर्ण ठेवले जाते आणि त्याच्या आगेमागे असलेल्या चित्रांत फक्त फरक नोंदवला जातो : मागची भिंत होती तशीच आहे, हात मात्र इतका उजवीकडे सरकला आहे. पंचवीस फ्रेमच्या डिस्कवर साधारणपणे दर पंधरा फ्रेममागे एक पूर्ण चित्र येते. आई खुर्चीत बसून बोलते आहे अशा दृश्यात नोंदवण्यासारखा फरक फार थोडा असतो, त्यामुळे ते कमी जागेत नीट बसते. पण आमच्याकडे आईला पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळले, तेव्हा हॉलमधले दिवे मालवले होते आणि ताटातल्या पंचाहत्तर ज्योती एकाच वेळी हलत होत्या. तिथे फ्रेममागून फ्रेम सगळेच बदलते, नोंदींची गर्दी होते आणि ठरवून दिलेल्या जागेत ती मावली नाही की चित्राचे चौकोनी ठिपके पडतात. रूपांतर जमले की नाही हे तपासायचे असेल तर भाषणाचा भाग पाहू नये, ओवाळणीचा पाहावा.

आता चित्राच्या आकाराकडे वळू. मोबाइलच्या फुल एचडी चित्रात १९२० बाय १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. भारतात चालणाऱ्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीत ७२० बाय ५७६, म्हणजे ४.१५ लाखांच्या आसपास. हे प्रमाण बरोबर पाचास एक असे आहे, त्यामुळे डीव्हीडीवर चित्र थोडे मऊ दिसणारच. त्याचा दोष सॉफ्टवेअरला देण्यात अर्थ नाही. गंमत अशी की ७२० बाय ५७६ हा आकार धड जुन्या चौकोनी टीव्हीचाही नाही आणि आजच्या रुंद टीव्हीचाही नाही. डीव्हीडीवरचे पिक्सेल चौरस नसतातच. डिस्कवर एक खूण नोंदलेली असते, चार बाय तीन किंवा सोळा बाय नऊ, आणि ती वाचून प्लेअर चित्र त्या प्रमाणात ताणतो. ही खूण चुकली की माणसे उंच आणि किडकिडीत, नाहीतर बुटकी आणि पसरट दिसतात. मोबाइल आडवा धरून केलेल्या चित्रणासाठी सोळा बाय नऊ निवडावे. मोबाइल उभा धरून केलेल्या चित्रणाला मात्र दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणे अटळ आहे, आणि ते पट्टे घालवण्यासाठी चित्र ताणण्यापेक्षा पट्टेच बरे.

वेगाचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याचा प्रश्न सर्वांत जास्त फसवा आहे आणि त्याची झळ आमच्या घराने पूर्वीच सोसली होती. काही वर्षांपूर्वी एका लग्नाची डीव्हीडी, शूटिंगवाल्याने दिलेली, मामेबहिणीला न्यू जर्सीला पाठवली होती. तिच्या प्लेअरने ती घेतली नाही. 'रिजनचा लोचा असेल' असे सगळ्यांनी ठरवून टाकले. रिजन कोड, म्हणजे कोणती डिस्क जगाच्या कोणत्या विभागात चालेल हे ठरवणारे कुलूप, ही व्यवस्था खरी आहे : भारत पाचव्या विभागात येतो, अमेरिका पहिल्या. पण ही कुलपे चित्रपट विकणाऱ्या कंपन्या आपल्या डिस्कना लावतात. घरी किंवा स्टुडिओत राईट केलेल्या डिस्कवर सहसा असे कुलूप नसते. खरा अडसर पाल आणि एनटीएससी या दोन पद्धतींचा होता. भारतात आणि युरोपच्या बहुतेक भागात टीव्ही पाल किंवा तिच्या जवळच्या पद्धतीचा, सेकंदाला २५ फ्रेमचा. अमेरिकेत आणि जपानमध्ये एनटीएससी, २९.९७ फ्रेमचा आणि ७२० बाय ४८० आकाराचा. आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती निमूटपणे चालवतात, अमेरिकेतले अनेक जुने प्लेअर मात्र फक्त स्वतःचीच ओळखतात. म्हणून परदेशी नातेवाइकांना डिस्क पाठवायची असेल तर ती अमेरिकेला चालली आहे की इंग्लंडला, हे आधी विचारावे. इंग्लंडला पाल चालते.

आता मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेम टिपतो. त्याची पाल डिस्क करायची तर दर सहा फ्रेममधली एक गाळावी लागते, आणि कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवलेल्या दृश्यात तो गचका डोळ्याला जाणवतो. एनटीएससी केली तर ३० आणि २९.९७ यांत फरक नगण्य राहतो, चित्र सुरळीत सरकते. पण चित्राच्या आडव्या रेषा ५७६ ऐवजी ४८० मिळतात. मी मामांसाठी एनटीएससी निवडली, कारण त्यांचा प्लेअर दोन्ही घेतो हे मला ठाऊक होते, आणि तीच डिस्क न्यू जर्सीलाही पाठवता येणार होती. पुस्तकी नियमाप्रमाणे भारतासाठी पाल करायला हवी; चित्रण मोबाइलचे असेल तर हा नियम मोडावा, असे माझे मत आहे. कॅमेराच २५ फ्रेमवर लावून चित्रण केले असेल, किंवा जुन्या कॅसेटवरून उतरवले असेल, तर मात्र पालच ठेवावी.

याच ठिकाणी आणखी एक खड्डा आहे. प्रकाश कमी झाला की मोबाइल फ्रेमचा वेग स्वतःच उतरवतो, म्हणजे प्रत्येक चित्राला जास्त उजेड मिळतो. आमच्या ओवाळणीच्या वेळी नेमके हेच झाले. आवाज त्याच्या गतीने नोंदला गेला, चित्रे मात्र कधी सेकंदाला तीस तर कधी वीसच्या आसपास. रूपांतर करणारे साधे सॉफ्टवेअर वेग सगळीकडे सारखाच आहे असे धरून चालते, आणि मग ओठ आणि शब्द यांच्यातले अंतर वाढत जाते. माझ्या पहिल्या प्रयत्नात बायका 'औक्षण करिते' म्हणत होत्या तेव्हा पडद्यावर केक कापणे सुरू झाले होते. यावर उपाय असा की हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आधी 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून मूळ फाईल सम वेगाची करून घ्यावी आणि मगच पुढे जावे. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी बनवत नाही, हे बऱ्याच जणांना उशिरा कळते. ते एमपीफोर, एमकेव्ही अशाच फाईली देते.

आवाजाचे थोडक्यात उरकता येईल. मोबाइलचा आवाज एएसी पद्धतीचा असतो, तो डीव्हीडीला चालत नाही. एसी-३ हा सुरक्षित पर्याय, नमुना-वेग, म्हणजे आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, सेकंदाला ४८,०००, आणि दोन स्पीकरपुरता १९२ किलोबिटचा दर घरगुती चित्रणाला पुरतो.

यापुढे थोडे गणित. डिस्कच्या वेष्टनावर ४.७ जीबी लिहिलेले असते आणि विंडोज ४.३७ दाखवते, म्हणून दुकानदाराशी भांडू नये. बनवणारा हजारच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत. डिस्क तीच, ४७० कोटी बाइटची. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे ३,७६० कोटी बिट. आमचे चित्रण ११० मिनिटांचे, म्हणजे ६,६०० सेकंदांचे. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ५७ लाख बिट वाट्याला येतात. त्यातून आवाजाचे दोन लाख आणि मांडणीसाठी लागणारे पाचेक टक्के बाजूला काढले की चित्रासाठी ५२ लाख, म्हणजे सॉफ्टवेअरच्या भाषेत ५,२०० केबीपीएस (सेकंदाला तितके हजार बिट) उरतात. या दरालाच बिटरेट म्हणतात. एमपेग-२ साठी हा दर चांगला आहे. तासाभराचेच चित्रण असेल तर भागाकारातून एक कोटीच्या वर आकडा येतो, पण चित्रासाठी ९८ लाखांची कमाल मर्यादा ठरलेली आहे आणि घरी राईट केलेल्या डिस्कवर मी ८० लाखांच्या पुढे जात नाही, कारण त्यापुढे जुने प्लेअर वाचताना अडखळतात. उलट तीन तासांचे लग्न एकाच डिस्कवर कोंबले तर दर ३५ लाखांच्याही खाली येतो आणि अक्षता पडताना सगळा मांडव ठिपक्यांचा होतो. अशा वेळी दोन डिस्क कराव्यात. सॉफ्टवेअरमध्ये 'टू पास' असा पर्याय दिसला तर तो घ्यावा : पहिल्या फेरीत ते चित्रण नुसते पाहून कुठे हालचाल जास्त आहे याची नोंद करते आणि दुसऱ्या फेरीत भाषणातली शिल्लक जागा ओवाळणीकडे वळवते. वेळ दुप्पट लागतो, रात्री लावून झोपावे.

एमपेग-२ फाईल तयार झाली तरी काम संपत नाही. प्लेअर डिस्कवर 'व्हिडिओ_टीएस' या नावाचा फोल्डर शोधतो. त्यात चित्र आणि आवाज एकत्र विणलेल्या व्हीओबी फाईली असतात, प्रत्येक जास्तीत जास्त एक जीबीची. कोणता भाग कुठे सुरू होतो याची अनुक्रमणिका सांगणाऱ्या आयएफओ फाईली असतात. आणि डिस्कला ओरखडा पडून अनुक्रमणिका वाचता आली नाही तर उपयोगी पडाव्यात म्हणून त्यांच्याच प्रती बीयूपी नावाने ठेवलेल्या असतात. ही सगळी मांडणी करण्याला ऑथरिंग म्हणतात. डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर रूपांतर आणि ऑथरिंग दोन्ही करते, म्हणून नवख्याने तिथून सुरुवात करावी. आज्ञा टाइप करण्याची भीती नसेल तर एफएफएमपेग या रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'टार्गेट' म्हणून 'पाल-डीव्हीडी' किंवा 'एनटीएससी-डीव्हीडी' एवढे सांगितले की आकार, वेग, आवाज सगळे नियमात बसवून मिळते. बिटरेट मात्र आपल्या भागाकाराचा स्वतः द्यावा. ऑथरिंग त्यानंतरही वेगळे करावे लागतेच.

मेनूच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. गुलाबांच्या पार्श्वभूमीवर नाचणाऱ्या अक्षरांचा मेनू तयार करणाऱ्यालाच आवडतो. ऐंशीच्या माणसाला डिस्क आत गेल्यावर चित्र सुरू झालेले हवे असते. मी मेनू ठेवला नाही, फक्त ओवाळणी, भाषणे, आईचे मनोगत, जेवणाची पंगत अशा ठिकाणी चॅप्टरच्या खुणा केल्या.

मामांना कमी ऐकू येते, म्हणून आईच्या बोलण्याला मराठी सबटायटल दिली. आणि इथे या जुन्या पद्धतीने मला सुखद धक्का दिला. पेन ड्राइव्हवरून चित्रपट लावताना सोबत दिलेल्या मजकुराच्या फाईलीतली देवनागरी अक्षरे अनेक प्लेअरवर चौकोन किंवा कचरा होऊन दिसतात, कारण त्यांच्याकडे देवनागरीचा फॉन्टच नसतो. डीव्हीडीत मात्र सबटायटल अक्षरांच्या रूपात साठवलेलीच नसतात. ती मोजक्या चार रंगांची चित्रे असतात आणि मूळ चित्रावर पारदर्शक कागदासारखी ठेवली जातात. संगणकावर ती करताना जोडाक्षरे नीट उमटली की पुढे ती डिस्क चालेल अशा कुठल्याही प्लेअरवर ती तशीच उमटणार.

आता प्रत्यक्ष राईट करणे. कोऱ्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. रायटरचा ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर तो जागोजागी तापवून गडद करतो, आणि प्लेअर त्या गडद व उजळ जागांचा क्रम वाचतो. कोऱ्या डिस्कच्या वजा आर आणि प्लस आर या दोन प्रकारांतला झगडा आता संपल्यात जमा आहे. फार जुना प्लेअर असेल तर वजा आर, म्हणजे नुसती 'डीव्हीडी-आर' घ्यावी. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू मात्र भेट द्यायला घेऊ नये. तिच्यावरून परतणारा प्रकाश साध्या डिस्कच्या निम्म्याहूनही कमी असतो आणि थकलेल्या लेझरला तो दिसत नाही. ती घरी चाचणी घेण्यापुरती उत्तम. 'जितके सावकाश तितके चांगले' ही समजूत अर्धीच खरी आहे : सोळा एक्सची, म्हणजे मूळ वेगाच्या सोळापट वेगाने लिहिता येणारी डिस्क सर्वांत मंद वेगाने लिहिली तर फायदा होतोच असे नाही, कारण तिचा रंग वेगाने लिहिण्यासाठी जुळवलेला असतो. मी आठ एक्सवर लिहितो, साधारण आठ-नऊ मिनिटे लागतात. शेवटी 'फायनलाइझ' किंवा 'क्लोज डिस्क' झालेच पाहिजे. त्यात डिस्कचा शेवट कुठे आहे ही खूण लिहिली जाते, आणि ती नसली की लॅपटॉपवर चालणारी डिस्क प्लेअरवर पुन्हा 'नो डिस्क' होते. डिस्क लिहिण्याच्या इमगबर्न या सॉफ्टवेअरमध्ये 'व्हेरिफाय' ची खूण करून ठेवली की लिहिलेले सगळे पुन्हा वाचून ताडले जाते. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज सात यांमध्ये डीव्हीडी तयार करून लिहिण्यासाठी मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा डीव्हीडी मेकर होता. विंडोज आठपासून तो काढला गेला.

डिस्कवर गोल स्टिकर चिकटवू नये. तो थोडा जरी एका बाजूला गेला तरी डिस्क डगमगते आणि दमट हवेत कडेने सुटून प्लेअरमध्ये अडकतो. डिस्कसाठी मिळणाऱ्या पेनाने तारीख, प्रसंग आणि पद्धत लिहावी. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि लिहिलेला थर त्यांच्या मधे सुरक्षित असतो. सीडीत तो वरच्या छापील बाजूच्या लगेच खाली असतो, त्यामुळे सीडीला वरून पडलेला ओरखडा जास्त घातक. दोघींचा शत्रू ऊन. टीव्हीच्या वर, खिडकीसमोर ठेवलेली डिस्क काही वर्षांत वाचेनाशी होते.

मामांच्या प्लेअरला यूएसबीची खाच असती तर एवढे सगळे टाळता आले असते का, असे कोणी विचारेल. काही अंशी हो. पण अशा अनेक जुन्या प्लेअरना डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड पद्धतीची एव्हीआय फाईलच समजते, पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. म्हणजे रूपांतर तिथेही चुकत नाही, फक्त ऑथरिंग वाचते. विकत घेतलेल्या चित्रपटाच्या डिस्कची प्रत काढणे हा मात्र या लेखाचा विषय नाही. त्यांच्यावर सहसा कुलूपबंद सांकेतिक लेखन असते आणि ते तोडण्याचा प्रश्न कॉपीराइट कायद्याशी जाऊन भिडतो.

दुसरी डिस्क पाठवण्यापूर्वी मी ती शेजाऱ्यांच्या माळ्यावरून काढलेल्या जुन्या प्लेअरवर लावून पाहिली, ओवाळणीचा भाग दोनदा पाहिला, आणि मूळ फाईली हार्ड डिस्कवर तशाच राखून ठेवल्या. पाचपट-सहापट तपशील तिथेच आहे. या वेळी मामांचा फोन संध्याकाळी आला. रिमोटवर तीन दाबले की आईचे मनोगत येते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. "खाली अक्षरं येतात ती छान आहेत," ते म्हणाले, "पण 'मिरज' च्या ऐवजी 'मिरच' लिहिलंयस."